सासरेबुवांच्या कानाचा पुरावा

"एका कागदाचं तर काम आहे. मी बघतो," असं जावईबापू म्हणाले आणि घरातल्या सगळ्यांना हायसं वाटलं. वाटलं नाही ते फक्त त्यांच्या बायकोला. तिने कपबशा विसळता विसळता एकदाच नवऱ्याकडे वळून पाहिलं. मागे "एका खिळ्याचं तर काम आहे" असं म्हणून त्यांनी भिंतीतला नळ फोडला होता, आणि गृहस्थ पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क असूनही सगळी इमारत शेजारच्या इमारतीतून बादल्या वाहत होती.

पण या वेळी काम खरोखरच कागदाचं होतं, आणि कागद म्हटला की जावईबापूंची छाती फुगायची. त्यांचा सगळा जन्म खिडकीच्या आतल्या बाजूला गेलेला. अर्ज कुठे अडतो, सही कुठे राहते, शिक्का कुठे पुसट उमटतो, हे त्यांनी झोपेतसुद्धा सांगितलं असतं. "मूळ प्रत आणलीत का?" हा प्रश्न ते इतक्या मायेने विचारायचे, की समोरच्याला राग येण्याऐवजी आपण मूळ प्रतीशिवाय घराबाहेर पडलोच कसे याची लाज वाटायची. अशा माणसाला खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभं करायची देवाला फार दिवसांची हौस असावी.

काम होतं सासरेबुवांच्या कानाचं.

सासरेबुवा तोफखान्यात होते. तरुणपणी सरहद्दीवर एका गोळ्याने नळीतून बाहेर पडायच्या ऐवजी आतच फुटायचं ठरवलं. तोफ गेली, सासरेबुवा वाचले, पण डावा कान गेला. उजवा कान पुढे बाकीच्या तोफांनी सावकाश, हप्त्याहप्त्याने नेला. निवृत्तीच्या वेळी लष्कराने त्यांना एक पदक आणि एक घड्याळ दिलं. कानाबद्दल कुणी काही बोललं नाही. बोललं असेल, तर ते त्यांना ऐकू आलं नाही.

आणि गंमत अशी की त्यावाचून कुणाचं काही अडलंही नाही, कारण सासूबाई होत्या. देवाचं नियोजन बघावं. या माणसाचे कान पुढे जायचे आहेत हे ठाऊक असल्यासारखा त्याने त्याच्या बायकोला गळाच तसा देऊन पाठवला होता. पहिल्या मजल्यावरच्या त्यांच्या बिऱ्हाडातून "अहो, जेवायला चला!" अशी हाक आली, की तिन्ही मजल्यांवरची माणसं हात धुवायला उठत. त्या घरातलं काहीही कुणापासून लपलेलं नव्हतं. "अहो, पोट साफ झालं का?" असं सासूबाईंनी विचारलं, की सासरेबुवांच्या आधी समोरच्या काकूच उत्तर द्यायच्या, "झालं असेल हो, मघाशी बराच वेळ पाणी वाजत होतं." लोक सासूबाईंना कौतुकाने "दवंडी" म्हणत. दुसऱ्या मजल्यावर राहणारे जावईबापू मात्र सासरचा बोभाटा ऐकून अवघडून जायचे आणि खिडकी लावून घ्यायचे.

मग सासूबाईंच्या गळ्यात गाठ निघाली. ती कापून काढली. साधी निघाली, देवाची कृपा. पण कापताना स्वरयंत्राची एक शीर दुखावली आणि तो आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज, वाळलेलं पान फरशीवरून सरकावं तशी. "ओरडायचं नाही," गळ्याच्या डॉक्टरांनी बजावलं. "ओरडायचा प्रयत्नसुद्धा करायचा नाही."

इमारत सुनीसुनी झाली. लोक जेवायला वेळेवर बसेनासे झाले. समोरच्या काकूंना तर करमेचना. "मेलं घड्याळ बंद पडल्यासारखं वाटतं," असं म्हणून त्या दिवसातून दहादा डोकावून जायच्या.

पहिल्या मजल्यावर खुणांचा कारभार सुरू झाला. सासूबाईंनी दिव्याकडे बोट दाखवलं, की सासरेबुवा स्टुलावर चढून दिवा काढून आणायचे. पाऊस येतोय, दोरीवरचे कपडे काढा, हे सांगायला त्यांनी एकदा वर आभाळाकडे बोट केलं. सासरेबुवांनी वर पाहिलं, भक्तिभावाने हात जोडले आणि म्हणाले, "हो गं. सगळी त्याचीच कृपा." कपडे भिजले. हसून हसून सासूबाईंना ठसका लागला, आणि ठसक्यालाही आवाज नव्हता.

इथवर सगळी गंमतच होती. पण एका संध्याकाळी मुलगी खाली आईकडे गेली, तेव्हा दोघं कॉटवर शेजारी शेजारी बसली होती. आई काहीतरी सांगत होती. वडिलांनी "काय?" म्हणून विचारलं. आईने पुन्हा सांगितलं. पुन्हा "काय?" असं चार-पाच वेळा झालं, आणि मग वडील मान हलवून "बरं" म्हणाले. काही कळलं नव्हतं, हे दोघांनाही कळलं होतं. त्या "बरं"ने मुलीचे डोळे भरून आले. वर येऊन तिने नवऱ्याला सांगितलं. शिवाय गळ्याचे डॉक्टर काय म्हणाले तेही सांगितलं. दोन महिन्यांनी दुसरं ऑपरेशन. त्यात आवाज थोडा परत मिळेलही, नाहीतर आहे तेवढी कुजबुजही जाईल. "त्याच्या आत बाबांना कानाचं यंत्र मिळालं पाहिजे हो," ती म्हणाली. "एकदा तरी तिचं बोलणं ऐकू दे त्यांना."

जावईबापूंनी तिथल्या तिथे यंत्र विकत आणायची तयारी दाखवली. त्यावर सासरेबुवांनी असा काही आवाज लावला की गेलेली दवंडी परत आली असं खालच्या लोकांना वाटलं. "कान सरकारच्या कामी गेला! सरकारने द्यावा! जावयाच्या पैशाने ऐकायचं नाही मला!"

म्हणून ते वाक्य. एका कागदाचं तर काम आहे.

माजी सैनिकांचं कार्यालय म्हणजे एक लांबलचक खोली होती. तिला तीन खिडक्या, त्यातली एक उघडी. आतल्या कारकुनाचा चष्मा दोरीने गळ्यात लटकत होता. बाहेर बाकांवर म्हातारे सैनिक दाटीवाटीने बसलेले. कुणाला गुडघा नाही, कुणाला डोळा नाही, आणि बहुतेकांना कान नाहीत, त्यामुळे तिथे सगळा व्यवहार आरोळ्यांत चाले.

"इजेच्या वेळचा दवाखान्याचा कागद?" कारकून ओरडला.

"तो तुमच्याकडेच असणार ना!" जावईबापूही ओरडले. ते बहिरे नव्हते, पण तिथे तसंच बोलायची पद्धत होती.

कारकून आत गेला. चहा पिऊन येण्याइतक्या वेळाने परत आला.

"तुमच्या सासऱ्यांचं आधीचं वर्ष आहे. नंतरचंही आहे. मधलं नाही."

"म्हणजे हरवलं?"

"हरवलं असं आम्ही म्हणत नाही. 'उपलब्ध नाही' म्हणतो."

जावईबापूंना क्षणभर राग आला नाही, आदरच वाटला. ते स्वतःही नेमकं असंच म्हणायचे. मग कारकुनाने दप्तराची कहाणी सांगितली. ती दप्तरं आधी दवाखान्यात होती. दवाखाना हलला तेव्हा गोदामात गेली. गोदामात पाणी शिरलं तेव्हा माळ्यावर गेली. माळा उतरवला तेव्हा ती इथे आली. प्रत्येक मुक्कामाला थोडी थोडी कमी होत गेली, एवढंच. यात कुणाचीच चूक नव्हती, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती. चूक असती तर तक्रार तरी करता आली असती.

"कागद नाही म्हणजे नोंद नाही. नोंद नाही म्हणजे इजा नाही," कारकून म्हणाला.

"अहो, पण माणूस बसलाय की बाकावर!"

"माणूस आहे ना. माणसाबद्दल आमची काहीच हरकत नाही."

ऐकणाऱ्याने इथे क्षणभर थांबून विचार करावा. देवाच्या दारात माणूस मोकळ्या हाताने जातो, डोळे मिटून मनातल्या मनात सांगतो, आणि त्याचं ऐकलं जातं. तिथे कुणी मूळ प्रत मागत नाही. पण इथे देवाचा कारभार नव्हता. इथे दोन गोष्टी लागणार होत्या. त्या तोफेवरच्या एखाद्या साथीदाराची लेखी साक्ष, आणि लष्करी दवाखान्यात नव्याने केलेली कानाची तपासणी. "तपासणीत कान गेलाय असं निघालं की झालं," कारकून म्हणाला. जावईबापू हसले. त्यात काय अवघड आहे, असं त्यांच्या मनात आलं. अशा विचारांवर जावईबापूंनी खरं तर कधीचीच बंदी घालायला हवी होती.

इमारतीत बातमी पोचली. समोरच्या काकूंनी कोमट तेल सुचवलं. त्यांच्या भावाचा कान तेलाने बरा झाला होता. तो कशाने बिघडला होता असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, "तेलानेच." तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांनी स्वतःहून अर्जाचा मसुदा करून आणला. तो बंदुकीच्या दारूच्या शोधापासून सुरू होत होता आणि पाचव्या पानावर सासरेबुवांचा जन्म होत होता. "कानापर्यंत कधी येतो?" जावईबापूंनी नम्रपणे विचारलं. "घाई करू नका," मास्तर म्हणाले, "पार्श्वभूमी भक्कम हवी." त्यांचं मन मोडू नये म्हणून जावईबापूंनी तो मसुदा घेतला आणि बायकोने तो कपाटाच्या डुगडुगत्या पायाखाली ठेवला. तिथे त्याची भक्कम पार्श्वभूमी फार उपयोगी पडली.

साक्षीला त्या तोफेवरचा एकच माणूस आता हयात होता. तोफेवर तो सगळ्यांत लहान, म्हणून त्याला धाकटा म्हणत. सत्तरी ओलांडली तरी तो धाकटाच होता. दूरच्या गावी मुलाकडे राहायचा. जावईबापूंनी फोन लावून दिला, आणि तेवढ्यात त्यांना आठवलं की गोळा फुटला तेव्हा हा धाकटा सासरेबुवांच्या शेजारीच उभा होता.

"धाकट्या! मी बोलतोय!" सासरेबुवा गरजले. भिंतीवरचं कॅलेंडर हललं.

पलीकडूनही तशीच गर्जना आली. मग दोघंही एकदमच बोलू लागले. सासरेबुवा आपला गुडघा सांगत होते, धाकटा आपल्या गाईचं बाळंतपण सांगत होता. मधेच दोघंही खदाखदा हसले, पण वेगवेगळ्या वेळी. इमारत जिन्यात जमली. कुणीही कुणाचं ऐकत नसलेलं इतकं आनंदी संभाषण जावईबापूंनी कचेरीतल्या मीटिंगबाहेर कधी पाहिलं नव्हतं. शेवटी त्यांनी फोन हातातून काढून घेतला, तेव्हा पलीकडेही कुणीतरी तेच केलं होतं.

"मी त्यांची सून बोलतेय," एक दमलेला आवाज आला. "आमचे मामंजी साक्ष द्यायला तयार आहेत. म्हणतात, सगळं डोळ्यांनी बघितलंय. फक्त तुमच्या बाबांनीही त्यांच्यासाठी तश्शीच साक्ष द्यायची. यांचंही वर्ष तेच हो. यांचाही कागद मिळत नाही."

तर ठरलं. दोघांनीही एकमेकांच्या कानांची साक्ष द्यायची. फोन ठेवल्यावर सासरेबुवा कितीतरी वेळ हसऱ्या चेहऱ्याने बसून राहिले. "छान बोलला," ते म्हणाले. "आवाज अजून तसाच आहे."

साक्ष टपालाने आली आणि तपासणीचा दिवस उगवला. जावईबापूंनी सासरेबुवांना तयार केलं. घरी सांगितलं, बसमध्ये सांगितलं, दवाखान्याच्या दारात पुन्हा सांगितलं, "बाबा, आवाज ऐकू आला तरच बटण दाबायचं. नाही आला तर दाबायचं नाही." प्रत्येक वेळी सासरेबुवांनी कडक मान हलवली.

तपासणीची खोली म्हणजे जाड काचेची पेटी होती. आत खुर्ची, कानाला लावायचं यंत्र, हातात बटण. बाहेर तपासणाऱ्या बाई आपल्या खटक्यांसमोर बसलेल्या. त्यांच्या दारात म्हाताऱ्यांची मोठी रांग होती आणि दिवसभरात सगळी संपवायची होती. सासरेबुवा आत गेले, ताठ बसले. तपासणी झाली. बाईंनी निकालाचा कागद जावईबापूंच्या हातात दिला. त्यावर लिहिलं होतं, वयाच्या मानाने श्रवणशक्ती उत्तम.

जावईबापूंनी भिंतीला हात टेकला.

"बाबा!" जिन्यात ते सासऱ्यांच्या कानाशी ओरडले. "तुम्हाला ऐकू आलं?"

"छे! काही नाही."

"मग बटण का दाबत होता?"

सासरेबुवांनी जावयाकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तपासणी होती ना?" ते म्हणाले. "समोर काच आहे. बाई खटका दाबतात तेव्हा त्यांचा खांदा हलतो. खांदा हलला की बटण. एकदाही चुकलो नाही!"

आता यात त्यांचा तरी काय दोष? ज्याने उभं आयुष्य तपासण्यांना तोंड दिलं, ज्याच्या पलटणीत तपासणीत नापास झालेल्याला तोफेवरून काढून भांडारात गोण्या मोजायला बसवत, त्याचं शरीरच पास व्हायला शिकलेलं. भूक लागल्यावर तोंड उघडावं इतक्या सहजपणे ते पास झाले होते.

"अहो, पण या वेळी नापास व्हायचं होतं!"

"मग आधी सांगायचंत!"

"सांगितलं होतं! घरी, बसमध्ये, दारात!"

"ते ऐकू आलं नाही," सासरेबुवा म्हणाले.

आता कार्यालयाच्या दप्तरात सासरेबुवांच्या कानांबद्दल एकुलता एक कागद होता, आणि तो त्यांना उत्तम ऐकू येतं असं सांगत होता. जावईबापू तो घेऊन खिडकीवर गेले. फेरतपासणी मिळेल, पण पाच महिन्यांनी, असं कळलं. ऑपरेशन तीन आठवड्यांवर आलं होतं.

"अहो, त्यांच्या बायकोचा आवाज जाणार आहे!" जावईबापू म्हणाले.

"त्यांच्या पत्नीचा आवाज या अर्जात नाही."

"मी स्वतः हेडक्लार्क आहे!"

"मग तुम्हाला नियम माहीत असतीलच," कारकून म्हणाला, आणि पुढच्या माणसाकडे पाहिलं.

जावईबापू बाहेर पायरीवर बसले. ऊन डोक्यावर होतं, डबा तसाच होता. एक लंगडणारा म्हातारा त्यांच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "पहिल्यांदाच आलात वाटतं? हळूहळू सवय होते." त्या दिवशी कचेरीत परतल्यावर त्यांच्या खिडकीशी एक बाई मूळ प्रतीशिवाय आली, आणि जावईबापूंनी तिचा अर्ज तसाच ठेवून घेतला. शिपाई घाबरून साहेबांना सांगायला गेला.

घरी येऊन त्यांनी सगळं सांगितलं. सासूबाई ऐकत होत्या. मग त्यांनी जावयाच्या बाहीला हात लावला. "मला घेऊन चला," त्या म्हणाल्या, म्हणजे ओठ हलले आणि मागून थोडा वारा आला.

"आई, तुम्ही कशाला? तिथे ओरडल्याशिवाय कुणी ऐकत नाही."

"चला," त्या पुन्हा म्हणाल्या.

बसमध्ये दोघं शेजारी बसली. बऱ्याच वेळाने सासूबाई त्यांच्याकडे झुकल्या. "जावईबापू, ओरडून काय बोलता येतं हो? जेवा, झोपा, दार लावा. सगळं आयुष्य तेवढंच बोलले मी यांच्याशी. बाकीचं सगळी इमारत ऐकेल म्हणून राहिलं." एवढं बोलून त्या ओशाळल्या आणि पदर सारखा करू लागल्या. जावईबापू खिडकीबाहेर पाहू लागले. आपण त्या हाकांना वैतागून खिडकी लावायचो, ते त्यांना आठवलं.

कार्यालयात नेहमीचा गोंधळ होता. सासूबाई खिडकीशी उभ्या राहिल्या आणि बोलू लागल्या.

"काय?" कारकून ओरडला. "मोठ्याने बोला!"

सासूबाई तशाच बोलत राहिल्या. कारकुनाने चष्मा डोळ्यांवर चढवला, जणू त्याने ऐकू येतं. मग मान खिडकीबाहेर काढली. तरी कळेना. "जरा शांत बसा हो!" तो बाकांकडे बघून ओरडला. पुढचे गप्प झाले. पुढचे गप्प का झाले म्हणून मागचे गप्प झाले. ज्यांना काहीच ऐकू येत नव्हतं ते सगळ्यांचे चेहरे बघून गप्प झाले. त्या खोलीत इतकी शांतता पूर्वी कधी झाली असेल असं वाटत नाही. भिंतीवरची पाल चुकचुकली तीही ऐकू आली, आणि आपण चुकीच्या वेळी बोललो असं वाटून तीही थांबली.

त्या शांततेत सासूबाई जे म्हणत होत्या ते कारकुनाच्या कानाशी पोचलं. जावईबापूंना दिसला तो फक्त त्याचा चेहरा. त्यावरचं कार्यालय हळूहळू उतरत गेलं, आणि खाली एक साधा, जरा थकलेला माणूस निघाला.

"किती दिवस आहेत?" त्याने विचारलं. आणि आश्चर्य म्हणजे तोही कुजबुजला. कुजबुजीची लागणच होते.

"तीन आठवडे," जावईबापू कुजबुजले.

"काय झालं म्हणे?" मागचा एकजण कुजबुजला. "ऑपरेशन," दुसऱ्याने कुजबुजून सांगितलं. ज्यांचं सगळं आयुष्य तोफांपाशी गेलं त्या म्हाताऱ्यांची अख्खी रांग, देवळाच्या गाभाऱ्यात उभी असल्यासारखी, हळू आवाजात बोलत होती.

कारकुनाने कागद चाळले. "परवा सकाळची एक तारीख आहे," तो म्हणाला. "रिकामी झालीय."

"ज्यांची होती ते येणार नाहीत?" सासूबाईंनी विचारलं.

"गेले ते. गेल्या आठवड्यात. वर्षभर थांबले होते." तो जरा घुटमळला. "तोफखान्यातलेच होते."

सासूबाईंनी तिथेच खिडकीशी उभं राहून डोळे मिटले आणि हात जोडले. रांग थांबून राहिली. कुणीही घाई केली नाही. मग कारकुनाने शिक्का मारला, तोसुद्धा हळू.

ठरलेल्या सकाळी काचेच्या पेटीतली खुर्ची भिंतीकडे वळवली होती. तरी पहिल्या दोन आवाजांना सासरेबुवांनी बटण दाबलंच. बाई चकित झाल्या. भिंतीवरच्या विजेच्या डब्याचं झाकण चकचकीत होतं, त्यात त्यांचा खांदा दिसत होता. झाकणावर रुमाल टांगला. मग सासरेबुवा अंदाजाने, ठरावीक अंतराने दाबू लागले. तोफखान्यात मनातल्या मनात वेळ मोजायला शिकवतात. बाईंनी डोक्याला हात लावला. "यांना पास होण्यापासून मी थांबवू शकत नाही," त्या म्हणाल्या.

"मी जाऊ आत?" सासूबाईंनी विचारलं.

त्या आत गेल्या. नवऱ्याच्या मागे उभ्या राहिल्या आणि आपले दोन्ही तळवे त्यांच्या डोळ्यांवर ठेवले. सासरेबुवा दचकले, मग हात ओळखून स्थिर झाले. बाईंनी खटका दाबला. काही नाही. आणखी दाबला. काही नाही. सासरेबुवांचे ताठ खांदे हळूहळू खाली आले. बटणावरचा अंगठा सैल झाला. ती तपासणी राहिलीच नव्हती आता. एक म्हातारा आपल्या बायकोच्या हातांच्या अंधारात बसला होता.

"अगं," ते म्हणाले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा आवाज लहान होता, "मला काही ऐकू येत नाही गं."

सासूबाईंनी हात काढले नाहीत. बऱ्याच वेळाने काढले तेव्हा ते ओले होते, आणि ते त्यांनी पदराला पुसले, स्वयंपाकघरातून आल्यासारखे.

"नापास!" जावईबापू बोळातून ओरडत सुटले. "साफ नापास!" एका नर्सने त्यांना दटावलं. परतीच्या बसमध्ये सासरेबुवा मात्र तोंड फुगवून बसले होते. नापास होण्याचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग होता, आणि जावई त्याबद्दल हात हातात घेऊन अभिनंदन करत होता.

पुढे एक सही राहिली, ती आणायला जावईबापू गेले. मग शिक्का पुसट निघाला. मग ज्यांची सही हवी ते रजेवर गेले. हे सगळं सांगत बसलं तर मास्तरांच्या मसुद्यासारखं होईल. धाकट्याचा अर्जही आता जावईबापूच बघतात. त्याचं मधलं वर्ष अजून उपलब्ध नाही. सासरेबुवांचं यंत्र मात्र आलं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. एकाच कानाचं, कारण नियमात एकच कान होता.

घरी दारात इमारत जमली होती. समोरच्या काकू सगळ्यांत पुढे, मास्तर स्टूल घेऊन. जावईबापूंनी सासरेबुवांच्या उजव्या कानात यंत्र बसवलं आणि खटका फिरवला.

सासरेबुवांनी दचकून वर पाहिलं. "हे काय?"

"पंखा आहे, बाबा."

"रोज एवढा ओरडतो?"

मग काकू बोलू लागल्या, "कसं वाटतंय हो? मी म्हणत होते तेल घाला, पण माझं ऐकतंय कोण," आणि सासरेबुवा थक्क होऊन त्यांच्याकडे बघत राहिले. "तुम्ही एवढ्या बोलता?" त्यांनी विचारलं. काकू गप्प झाल्या. मग मास्तर गप्प झाले. पंखा जावईबापूंनी बंद केला.

सासूबाई कॉटवर येऊन नवऱ्याच्या उजव्या बाजूला बसल्या. त्यांनी दाराकडे एकदा पाहिलं. मग त्या झुकल्या आणि बोलू लागल्या.

कुणालाच काही ऐकू आलं नाही. काकूंनी मान पुढे काढली, काही उपयोग झाला नाही. जावईबापू दोन हातांच्या अंतरावर उभे होते, त्यांनाही एक अक्षर कळलं नाही. मुलीने तोंडावर पदर धरला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्या घरातलं काहीतरी त्या घरात राहत होतं. सासूबाई थांबल्या नाहीत. मध्ये एकदा श्वास घेतला आणि पुन्हा सुरू झाल्या. सासरेबुवांनी "काय?" विचारलं नाही. ते "बरं"ही म्हणाले नाहीत. त्यांचे कान आधी गुलाबी झाले, मग गाल, मग पांढऱ्या केसांखालची टाळूसुद्धा. त्यांनी दारातल्या गर्दीकडे चोरट्या नजरेने पाहिलं, आणि तिन्ही मजल्यांना ऐकू जाईल अशा तोफखान्याच्या आवाजात बायकोला म्हणाले,

"अगं, हळू बोल! लोक ऐकताहेत!"